‘देवा, आता उचल रे’: आजी-आजोबांच्या या वाक्यामागचा धोका ओळखायचं प्रशिक्षण काय असतं?

(सूचना: या लेखात आत्महत्येच्या विचारांविषयी माहिती आहे. काही वाचकांना ती अस्वस्थ करू शकते. मदत हवी असल्यास ‘टेली मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कधीही फोन करता येतो. इतर माहिती लेखाच्या शेवटी आहे.)

“आता देवानं न्यावं बाबा.”

“माझं काय, पिकलं पान. कधी गळेल नेम नाही.”

“गोवऱ्या गेल्या मसणात, आता कसली हौस?”

मराठी घरात वाढलेल्या कुणालाही ही वाक्यं नवी नाहीत. गुडघा दुखला, चहा गार मिळाला, नातवानं फोन उचलला नाही की आजीच्या तोंडी यातलं एखादं येतंच. घरातले हसतात, “अजून नातीचं लग्न बघायचंय तुला” म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. बहुतेक वेळा तो संपवण्यासारखाच असतो.

अडचण उरलेल्या वेळांची आहे. तेच वाक्य, तोच आवाज, पण या वेळी बोलणाऱ्याला ते खरंच म्हणायचं असतं. हा फरक घरच्यांना कळेलच असं नाही. पण रोज आठ-बारा तास त्या माणसाजवळ असणाऱ्या अटेंडंट मावशींना, वृद्धाश्रमातल्या सिस्टरला, घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टला किंवा गावातल्या आशाताईंना तो कळू शकतो. अट एकच, तो कसा ओळखायचा आणि पुढे काय विचारायचं हे त्यांना कुणीतरी शिकवलेलं हवं.

ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्यांसाठीचं आत्महत्या प्रतिबंध प्रशिक्षण म्हणजे हेच. ते नेमकं काय असतं, त्याचा उपयोग होतो का आणि आपल्याकडे ते कुठपर्यंत आलंय, समजून घेऊ.

ज्येष्ठांचा प्रश्न वेगळा का?

आत्महत्या म्हटलं की परीक्षेत नापास झालेला विद्यार्थी किंवा कर्जबाजारी शेतकरी डोळ्यांसमोर येतो. त्याला आकड्यांचाही आधार आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यातल्या सर्वाधिक, म्हणजे २२,७४६ नोंदी महाराष्ट्रातल्या होत्या. वयोगटांमध्ये सगळ्यात मोठा आकडा १८ ते ३० वर्षांच्या तरुणांचा असतो. त्यामुळे हेल्पलाइनच्या जाहिराती, कॉलेजमधले कार्यक्रम, इन्स्टाग्रामवरच्या मोहिमा, सगळं तरुणांकडे बघून होतं.

पण एकूण आकडा आणि दर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या अहवालानुसार जगाच्या जवळपास सगळ्या भागांत लोकसंख्येच्या प्रमाणात आत्महत्येचा दर सत्तरीपुढच्या गटात सर्वाधिक होता. तरुणांमध्ये एका मृत्यूमागे शंभर ते दोनशे प्रयत्न झालेले असतात, तर ज्येष्ठांमध्ये साधारण चारच, असा अमेरिकेतला नेहमी दिला जाणारा अंदाज आहे. शरीर थकलेलं असतं, माणूस एकटा असतो, लवकर कुणाच्या लक्षात येत नाही आणि निश्चय अधिक पक्का असतो. म्हणजे तरुणांच्या बाबतीत ‘पहिल्या प्रयत्नानंतर मदत करू’ म्हणायला जी थोडी जागा असते, ती इथे फारच कमी. जे करायचं ते आधीच करावं लागतं.

आणि आधी करायची संधी असते. आत्महत्या केलेल्या व्यक्ती शेवटच्या महिन्यात डॉक्टरकडे गेल्या होत्या का, हे तपासणारे अनेक अभ्यास एकत्र करून २००२ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. पंचावन्नच्या पुढच्या निम्म्याहून अधिक व्यक्ती त्या महिन्यात आपल्या नेहमीच्या डॉक्टरला भेटल्या होत्या. मानसोपचारतज्ज्ञाला नव्हे, साध्या फॅमिली डॉक्टरला. बहुधा पाठदुखी, झोप किंवा पोटाची तक्रार घेऊन.

भारतातलं चित्र ‘लासी’ या सर्वेक्षणातून दिसतं. वृद्धत्वाचा हा देशव्यापी अभ्यास २०१७-१८ मध्ये झाला. लक्षणांवरून साठीपुढच्या ८.३ टक्के लोकांना मोठं नैराश्य असण्याची शक्यता दिसली. आपल्याला नैराश्याचं निदान झालंय असं सांगणारे मात्र ०.८ टक्के. दहापट फरक. उरलेले सगळे कुठे असतात? घरात, वृद्धाश्रमात, जनरल ओपीडीच्या रांगेत. म्हणजे कुणाच्या ना कुणाच्या नजरेसमोरच.

‘या वयात असं वाटणारच’

ज्येष्ठांसोबत काम करणाऱ्यांच्या प्रशिक्षणात सगळ्यात आधी हा समज काढावा लागतो. नवरा गेला, गुडघे गेले, मुलं परदेशात, मग उदास नको का वाटायला? हे ऐकायला समजूतदारपणाचं वाटतं, पण परिणाम उलटा होतो. पंचविशीतल्या मुलीनं “मला जगावंसं वाटत नाही” म्हटलं तर घर हादरतं. पंचाहत्तरीच्या काकूंनी म्हटलं तर “अहो, वय झालंय” एवढंच उत्तर मिळतं.

दुःख होणं आणि नैराश्य येणं वेगळं. जोडीदार गेल्यावर रडणाऱ्या आजी नातवाच्या खोडीवर हसतातही, आवडीची भाजी खातातही. नैराश्यात ही उघडझाप थांबते. शिवाय ज्येष्ठांमधलं नैराश्य बऱ्याचदा ‘उदास वाटतंय’ अशा शब्दांत येतच नाही. ते शरीराच्या भाषेत येतं: अंग दुखतंय, पोट साफ होत नाही, पहाटे तीनला जाग येते, तोंडाला चव नाही. कधी ते विसरभोळेपणासारखं दिसतं आणि घरचे स्मृतिभ्रंश समजून सोडून देतात.

म्हणूनच ज्येष्ठांसाठी वेगळ्या प्रश्नावल्या बनल्या. १९८० च्या दशकात अमेरिकेत तयार झालेली ‘जीडीएस’ ही वृद्धांमधल्या नैराश्याची प्रश्नावली मुद्दाम झोप-भूक-दुखण्याचे प्रश्न टाळते, कारण या वयात त्या तक्रारी कुणालाही असू शकतात. तिच्या १५ प्रश्नांच्या छोट्या आवृत्तीत फक्त हो-नाही उत्तरं द्यायची असतात. मात्र त्यात आत्महत्येविषयी थेट प्रश्न एकही नाही. ‘पीएचक्यू-९’ या दुसऱ्या प्रसिद्ध प्रश्नावलीत तो आहे, नवव्या क्रमांकावर. पण तिथे ‘मेलेलं बरं असं वाटणं’ आणि ‘स्वतःला इजा करण्याचा विचार’ हे दोन्ही एकाच प्रश्नात येतात. आजींनी ‘हो’ म्हटलं तर त्या नक्की कशाला हो म्हणाल्या? फॉर्म भरून हे कळत नाही. पुढचा प्रश्न माणसालाच विचारावा लागतो.

नुसतं बोलणं की इशारा?

‘देवा, उचल’ या वाक्याचे निदान तीन अर्थ असू शकतात. पहिला, निव्वळ बोलण्याची सवय. दुसरा, मृत्यूची शांत तयारी: संसार झाला, कर्तव्यं झाली, आता बोलावणं आलं तर हरकत नाही. अशी माणसं मृत्यूविषयी मोकळेपणानं बोलतात आणि उद्याच्या भजनाची वेळही विचारतात. शेवटच्या आजारात व्हेंटिलेटर नको, असं लिहून ठेवणाऱ्यांनाही याच गटात धरायचं. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये अशा इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. ते आत्महत्येचं लक्षण नाही.

तिसरा अर्थ मात्र सुटकेचा असतो. ‘माझं जगणं सहन होत नाही’ किंवा ‘माझ्यामुळे तुम्हाला त्रास होतोय’. यातला दुसरा सूर विशेष लक्ष देऊन ऐकायला शिकवतात. “तुम्हाला भार झालोय”, “माझ्या औषधांतच तुमचा पगार जातो”, “मी गेलो की सुटाल सगळे.” आपण इतरांवर ओझं आहोत ही भावना आत्महत्येच्या विचारांशी जवळून जोडलेली आहे, हे संशोधनात पुन्हापुन्हा दिसलंय.

मग ओळखायचं कसं? वाक्यावरून नाही, बदलावरून. जे आजोबा दहा वर्षं ‘देवा, ने’ म्हणतायत ते आजही म्हणाले, तर ती त्यांची सवय. पण ज्यांनी कधीच असं म्हटलं नाही ते आज म्हणाले, किंवा रोज म्हणणारे अचानक गप्प झाले, तर थांबून बघायचं. औषध-जेवण नाकारणं, आवडीचं क्रिकेट-कीर्तन सोडणं, दाढी-आंघोळीचा कंटाळा, एकाएकी निरवानिरव करणं, दीर्घ अस्वस्थतेनंतर अचानक आलेली विचित्र शांतता, यातलं काहीही एकेकटं घेतलं तर त्याला दुसरं साधं कारण असू शकतं. अंगठी नातीला देणं म्हणजे प्रेमही असतं. अशा दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर विचारायचं.

वेळही महत्त्वाची असते. जोडीदार गेल्यानंतरचे पहिले महिने, हॉस्पिटलमधून डिस्चार्ज मिळाल्यानंतरचे दिवस, मोठ्या आजाराचं निदान, वृद्धाश्रमातले पहिले आठवडे, ही सगळी वळणं धोक्याची मानली जातात. घराच्या किल्ल्या सुनेकडे आणि पासबुक मुलाकडे गेल्याचा दिवसही कुणाकुणासाठी असंच वळण असतो. अमेरिकेतले वृद्ध मानसोपचाराचे तज्ज्ञ यिट्स कॉनवेल यांनी ज्येष्ठांमधल्या धोक्याची पाच कारणं सांगितली आहेत: नैराश्य, शारीरिक आजार, परावलंबन, माणसांपासून तुटणं आणि घातक साधनं हाताशी असणं. यातलं एकच कारण असणं आणि चार एकत्र येणं यात मोठा फरक पडतो.

थेट विचारलं तर डोक्यात भरवल्यासारखं होत नाही का?

प्रशिक्षणात हमखास येणारा प्रश्न. उत्तर आहे, नाही. या विषयावरच्या अभ्यासांचा एक आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. आत्महत्येविषयी विचारल्यामुळे तसे विचार वाढल्याचा पुरावा त्यात कुठेही मिळाला नाही. उलट, विचारल्यानं माणूस मोकळा होऊ शकतो.

पण विचारायचं कसं, यात सगळी मेख आहे. मराठीत आपण हा प्रश्न बहुतेक वेळा असा विचारतो: “तसलं काही मनात आणत नाही ना, काका?” हा प्रश्न नाहीच. ही विनंती आहे की कृपया नाही म्हणा. काका नाही म्हणतात. दोघांनाही हायसं वाटतं, आणि काका पुन्हा एकटे पडतात. “असं अभद्र बोलू नये”, “देवानं सगळं दिलंय तुम्हाला”, “मुलांचा विचार करा” ही वाक्यंही दार बंद करणारीच.

चांगल्या प्रशिक्षणात याची तालीम करून घेतात. एक जण आजोबा होतो, दुसरा अटेंडंट. संवाद साधारण अशा पायऱ्यांनी जातो:

“आजोबा, सकाळी तुम्ही म्हणालात, आता पुरे झालं. म्हणजे काय वाटतंय?”

“काय वाटायचंय? कंटाळा आलाय.”

“खूप कंटाळा आला की जगूच नये असं वाटतं का?”

“वाटतं कधी कधी.”

“अशा वेळी स्वतःच्या जिवाचं काही करून घ्यावं, असं मनात येतं का?”

शेवटचं वाक्य म्हणताना बहुतेकांची जीभ अडखळते. तालीम त्यासाठीच. खऱ्या आजोबांसमोर ते पहिल्यांदा म्हणायची वेळ येऊ नये.

उत्तर ‘हो’ आलं तर घाबरून आवाज चढवायचा नाही, उपदेश करायचा नाही. विचार किती वेळा येतो, काही ठरवलंय का, हे विचारायचं. मग एक प्रश्न असतो जो कागदावर साधा दिसतो पण फार कामाचा आहे: “आजवर कशामुळे थांबलात?” कुणी नातवाचं नाव घेतं, कुणी घरातल्या मांजरीचं, कुणाला देवाची पूजा दुसऱ्या कुणाच्या हातून व्हायला नको असते. तो धागा पकडायचा.

धोका तातडीचा वाटला तर त्या व्यक्तीला एकटं सोडायचं नाही, घातक ठरतील अशा वस्तू आवाक्याबाहेर ठेवायच्या आणि त्याच दिवशी डॉक्टरपर्यंत पोहोचवायचं. साठवलेली औषधं आणि शेतीची रसायनं कुलपात ठेवणं, औषधं मोजकी आणि मावशींच्या हातूनच देणं, ही साधी वाटणारी कामं जीव वाचवणारी मानली जातात, कारण तीव्र इच्छेची लाट बहुधा ओसरणारी असते. तेवढा वेळ मिळायला हवा.

अमेरिकेत १९९५ मध्ये पॉल क्विनेट यांनी तयार केलेली ‘क्यूपीआर’ ही पद्धत याच तीन पायऱ्यांवर उभी आहे: विचारा, मदत घ्यायला राजी करा, मदतीपर्यंत पोहोचवा. ती तास-दोन तासांत शिकवली जाते. ‘असिस्ट’ नावाचं प्रशिक्षण दोन दिवसांचं असतं. यातून कुणी समुपदेशक होत नाही, आणि तो हेतूही नाही. हृदयविकाराचा झटका आल्यावर छाती दाबायला शिकलेला माणूस हार्ट सर्जन नसतो, तसंच हे.

आणखी एक गोष्ट प्रशिक्षणात स्पष्ट सांगावी लागते. गुण मोजून ‘धोका कमी, घरी सोडा’ असं ठरवता येत नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनं २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये थेट म्हटलंय की भविष्यातल्या आत्महत्येचा अंदाज बांधण्यासाठी अशा मोजपट्ट्या वापरू नका. प्रश्नावली संवाद सुरू करायला उपयोगी पडते, निकाल द्यायला नाही.

‘कुणाला सांगू नकोस हं’

खरी कसोटी इथे लागते. आजी मावशींवर विश्वास टाकून मनातलं बोलतात आणि शेवटी हात धरून म्हणतात, “मुलाला कळू देऊ नकोस, तुला माझी शपथ.”

प्रशिक्षणाचं उत्तर ठरलेलं आहे. असं वचन द्यायचं नाही. “आजी, तुमच्या जिवाचा प्रश्न आहे, मी एकटी हे सांभाळू शकत नाही. कुणाला सांगायचं ते आपण दोघी मिळून ठरवू.” शपथ मोडून गुपचूप सांगण्यापेक्षा हे समोरासमोर सांगणं बरं, कारण विश्वास टिकतो.

पण कुणाला सांगायचं? कागदावर ‘कुटुंबाला कळवा’ असं लिहिलेलं असतं. मुलगाच मारहाण करत असेल, पेन्शन काढून घेत असेल तर? मावशींना पगार देणाराही तोच. एका फोनवर ब्युरोला सांगून तो मावशी बदलू शकतो. परदेशातल्या प्रशिक्षण पुस्तिका इथे फारशा कामाला येत नाहीत, कारण त्यात कर्मचाऱ्याच्या वर एक सुपरवायझर आणि एक संस्था गृहीत धरलेली असते. आपल्याकडच्या घरगुती सेवेत बऱ्याचदा दोघंच असतात, एक आजारी माणूस आणि एक रोजंदारीवरची बाई.

अशा वेळी घराबाहेरचा एक तरी पत्ता त्यांच्याकडे हवा: ब्युरोचा जबाबदार माणूस, नेहमीचे डॉक्टर, किंवा ‘एल्डरलाइन’ १४५६७. ज्येष्ठांसाठीची ही राष्ट्रीय हेल्पलाइन छळाच्या तक्रारी घेते आणि कायदेशीर मार्गदर्शनही करते. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा २००७ पासून आहे. मावशींना तो पाठ असण्याची गरज नाही, क्रमांक माहीत असला तरी पुरे.

पोलिसांच्या भीतीनंही लोक गप्प बसतात. जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३०९ आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा मानायचं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नं यात मोठा बदल केला. प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरायचं आणि तिला शिक्षा नव्हे, उपचार द्यायचे, ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ३०९ सारखं सरसकट कलमच नाही. म्हणजे मदत मागितली म्हणून आजोबांवर केस होईल, ही भीती काढून टाकायला हरकत नाही.

याचा उपयोग होतो, याला पुरावा काय?

या विषयातलं सर्वात जुनं आणि सर्वात शिकवून जाणारं उदाहरण स्वीडनमधल्या गॉटलंड बेटाचं आहे. तिथल्या फॅमिली डॉक्टरांना १९८३-८४ मध्ये नैराश्य ओळखण्याचं आणि त्यावर उपचार करण्याचं प्रशिक्षण देण्यात आलं. १९८५ पर्यंत बेटावरच्या आत्महत्या स्पष्टपणे घटल्या. सगळे खूश. पण पुढच्या तीन वर्षांत आकडे पुन्हा जवळपास होते तिथे आले. प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांपैकी बरेच बेट सोडून गेले होते आणि उरलेल्यांची उजळणी झाली नव्हती. दुसरी गोष्ट, जी घट झाली ती मुख्यतः स्त्रियांमध्ये. पुरुष डॉक्टरकडे मनाचं दुखणं घेऊन आलेच नव्हते. बेट लहान, आकडे छोटे, त्यामुळे निष्कर्ष जपूनच काढावे लागतात. तरी ‘एकदा कार्यशाळा घेतली, फोटो काढला, झालं’ ही पद्धत का चालत नाही, हे यातून दिसतं.

इटलीच्या व्हेनेतो भागात एकट्या राहणाऱ्या वृद्धांना प्रशिक्षित कर्मचारी नियमित फोन करायचे. सोबत अडचणीच्या वेळी दाबायचं बटणही दिलेलं असायचं. डिएगो दे लिओ आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये याचे निष्कर्ष मांडले. १८,६४१ जणांच्या गटात साधारण २१ आत्महत्या होतील असा अंदाज होता. प्रत्यक्षात ६ झाल्या. इथेही फायदा प्रामुख्यानं स्त्रियांना. पुरुषांपर्यंत कसं पोहोचायचं, हे कोडं जगभर सुटलेलं नाही. ‘कसं वाटतंय?’ या प्रश्नाला आयुष्यभर ‘ठीक’ एवढंच उत्तर दिलेला निवृत्त माणूस ऐंशीव्या वर्षी एकदम मन मोकळं करेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. त्याच्याशी शेजारी बसून पेपर वाचताना, बागेत फिरताना, रेडिओ दुरुस्त करताना बोलावं लागतं.

अमेरिकेतल्या ‘प्रॉस्पेक्ट’ प्रयोगात (२००४) वीस दवाखान्यांमधल्या नैराश्यग्रस्त ज्येष्ठांचा अभ्यास झाला. ज्या दवाखान्यांत प्रशिक्षित नर्स किंवा समाजसेवक रुग्णाचा पाठपुरावा करत होते, तिथे आत्महत्येचे विचार असणाऱ्यांचं प्रमाण चार महिन्यांत २९.४ टक्क्यांवरून १६.५ टक्क्यांवर आलं. नेहमीच्या दवाखान्यांत ते २०.१ वरून १७.१ वर आलं.

पण आपल्या दृष्टीनं सगळ्यात जवळचा प्रयोग गोव्यातला आहे. ‘संगाथ’ संस्थेच्या सहभागानं झालेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य सेवेत येणाऱ्या, साठीपुढच्या १८१ जणांना त्यात घेतलं होतं. त्यांना नैराश्याची सौम्य लक्षणं होती, पूर्ण आजार नव्हता. निम्म्यांना नेहमीची सेवा मिळाली. उरलेल्यांना भेटत होते ते मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, तर प्रशिक्षण दिलेले सामान्य कार्यकर्ते. ते काय करत होते? रोजची एखादी अडचण घेऊन ती पायरीपायरीनं सोडवणं, झोपेच्या सवयी सुधारणं, मधुमेहासारख्या आजारात स्वतःची काळजी कशी घ्यायची ते सांगणं आणि सरकारी योजनांपर्यंत पोहोचायला मदत करणं.

वर्षभरात नेहमीच्या सेवेतल्या ९० पैकी १३ जणांना नैराश्याचा आजार झाला. दुसऱ्या गटात ९१ पैकी ४ जणांना.

हा अभ्यास नैराश्य टाळण्याचा होता, आत्महत्या मोजण्याचा नव्हता. तरी तो महत्त्वाचा, कारण ‘आपल्याकडे इतके तज्ज्ञ कुठून आणणार?’ या सबबीला त्यातून उत्तर मिळतं. आणि यादीतली शेवटची गोष्ट पुन्हा वाचा: सरकारी योजनांपर्यंत पोहोचायला मदत. अडकलेली पेन्शन सुरू होणं हाही मनावरचा इलाज असतो.

असाच अनुभव अमरावती जिल्ह्यात आला, फक्त ज्येष्ठांपुरता नव्हे तर सगळ्या प्रौढांसाठी. ‘विश्राम’ नावाच्या उपक्रमात ३० गावांमध्ये स्थानिक कार्यकर्त्यांना तयार करण्यात आलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं, आणि गेल्या वर्षभरात आत्महत्येचा विचार आला होता असं सांगणारे ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले.

मग आपल्याकडे अडलंय कुठे?

धोरण आहे. केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२२ मध्ये देशाचं पहिलं राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरण जाहीर केलं. २०३० पर्यंत आत्महत्यांमुळे होणारे मृत्यू १० टक्क्यांनी कमी करायचं उद्दिष्ट त्यात आहे. ज्येष्ठांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे. ‘अटल वयो अभ्युदय योजने’त वृद्धसेवा देणाऱ्यांच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे. पण हे सगळे रस्ते एकमेकांना क्वचित भेटतात. आत्महत्या प्रतिबंधाची बहुतेक भाषा विद्यार्थ्यांभोवती फिरते आणि वृद्धसेवेचं प्रशिक्षण बेडसोर, डायपर, इन्सुलिन, कूस बदलणं यांच्याभोवती. ती कामंही जिवाचीच आहेत, पण मन कुठेतरी शेवटच्या तासिकेत उरतं. कॅनडानं ज्येष्ठांच्या आत्महत्या प्रतिबंधासाठी स्वतंत्र राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना २००६ मध्येच काढल्या होत्या.

शिवाय ज्यांना शिकवायचं ती माणसं एका जागी नाहीत. वृद्धाश्रमाच्या नर्सला बोलावता येतं. ब्युरोमार्फत आज या घरात, उद्या त्या घरात जाणाऱ्या मावशींना कोण बोलावणार, आणि त्या दिवसाचा रोज कोण भरणार? दोन तासांचं प्रशिक्षण म्हणजे त्यांच्यासाठी बुडालेली कमाई असते. आशाताईंच्या डोक्यावर आधीच सर्वेक्षणांचा ढीग आहे. फेस्कॉमसारखा ज्येष्ठ नागरिक संघांचा महासंघ महाराष्ट्रात गावोगाव पसरलेला आहे, विरंगुळा केंद्रं आहेत. शिकवायला जागा शोधायचीच असेल तर ती तिथे सापडू शकते. ‘शिंदेकाका तीन दिवस कट्ट्यावर आले नाहीत’ हे सगळ्यात आधी तिथेच कळतं.

आणि काळजी घेणाऱ्याचं काय?

सगळं नीट करूनही कधी कधी माणूस वाचत नाही. प्रशिक्षणाचा हा भाग बऱ्याच ठिकाणी गाळला जातो. अशा मृत्यूनंतर कुटुंबाला भेटायला लोक येतात. ज्या मावशींनी दोन वर्षं रोज भरवलं, त्यांना मात्र दुसऱ्या दिवशी नवीन घराचा पत्ता मिळतो. ‘सकाळी त्या काहीतरी म्हणाल्या होत्या, मीच लक्ष दिलं नाही’ हा विचार त्यांच्या डोक्यातून जात नाही, आणि तो बोलायला कुणी नसतं. अशा घटनेनंतर संस्थेनं कर्मचाऱ्यांना एकत्र बसवावं, दोष न देता काय घडलं ते बोलू द्यावं, आणि ज्याला गरज आहे त्याला समुपदेशन मिळवून द्यावं, असं तज्ज्ञ सुचवतात. ‘टेली मानस’चा क्रमांक मावशींसाठीही आहे. तो फक्त पेशंटसाठी असतो असं समजून त्या तो स्वतःसाठी लावत नाहीत.

मदत कुठे मिळेल?

टेली मानस: १४४१६ किंवा १८००-८९-१४४१६. केंद्र सरकारची ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास, मराठीतही. स्वतःसाठी किंवा दुसऱ्या कुणाच्या काळजीपोटी, दोन्हीसाठी फोन करता येतो.

एल्डरलाइन: १४५६७. ज्येष्ठांसाठी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी मोफत. एकटेपणा, छळ, पेन्शन, कायदेशीर अडचणी यांवर मार्गदर्शन मिळतं.

तातडीचा धोका असेल तर ११२ वर फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात न्या. मदत येईपर्यंत त्या व्यक्तीजवळ बसून राहा.